शिक्षकाचा उत्साह आणि वर्गातील विद्यार्थी

वर्गपाहणीनंतर लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्यांत फलकलेखन, पाठटाचण, शैक्षणिक साधनांचा वापर, प्रश्नांची योजना, गृहपाठाची तपासणी अशा बाबींना ठरलेली जागा असते. यांपैकी प्रत्येक बाब मोजता येते, निदान बोट ठेवून दाखविता येते. परंतु पाहणी करून परतणाऱ्या अधिकाऱ्यास दोन वर्गांतील जो भेद सर्वांत आधी जाणवलेला असतो, तो पुष्कळदा या रकान्यांत कोठेच उतरत नाही. एका वर्गात शिक्षक आपल्या पाठात रमलेले असतात आणि मुले किंचित पुढे झुकून बसलेली दिसतात. दुसऱ्या वर्गात तोच पाठ, तीच साधने, तेवढीच पटसंख्या, आणि तरीही तास ओढून न्यावा लागतो. पहिल्या वर्गाविषयी ‘शिक्षक उत्साही आहेत’ असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हा उत्साह म्हणजे नेमके काय, तो विद्यार्थ्यांपर्यंत कसा पोहोचतो आणि त्याने अध्ययन खरोखर वाढते की तास गोड वाटतो एवढेच, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव मानलेला आहे. हास्यरसाचा स्थायीभाव हास, तो निराळा. हे वर्गीकरण शिक्षकांच्या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. उत्साही शिक्षक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्याने बोलणारा, वर्गभर फिरणारा, विनोद करणारा शिक्षक उभा राहतो. वास्तविक उत्साह म्हणजे एखादे कार्य अंगीकारण्याची आणि ते तडीस नेण्याची उमेद. ती हळू आवाजातही असू शकते. नाट्यशास्त्राने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. मनातला भाव प्रेक्षकास प्रत्यक्ष दिसत नाही. त्यास दिसतात ते अनुभाव, म्हणजे दृष्टी, स्वर, हालचाल, मुखावरील रेषा. वर्गातही असेच घडते. शिक्षकाच्या मनात विषयाविषयी कितीही आस्था असली, तरी ती अनुभावांत उतरली नाही तर चौथीतील मुलास ती कळण्यास दुसरा मार्ग नाही.

हे अनुभाव कोणते, याची एक यादी अमेरिकेतील मेरी लू कॉलिन्स या संशोधिकेने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिली आहे. आवाजातील चढउतार, डोळ्यांतील चमक व दृष्टीचा संपर्क, हातवारे, शरीराची हालचाल, चेहऱ्यावरील भाव, शब्दांची निवड, विद्यार्थ्यांच्या कल्पना व भावना स्वीकारण्याची तत्परता आणि एकूण चैतन्य अशी ती आठ लक्षणे. प्राथमिक शिक्षकाचा व्यवसाय शिकणाऱ्या उमेदवारांना या आठांचे प्रशिक्षण दिले असता त्यांच्या वर्गातील वर्तनात स्पष्ट फरक पडला, असे त्यांस आढळले. या यादीतील सातवे लक्षण इतरांहून वेगळ्या जातीचे आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. मुलाने दिलेले उत्तर शिक्षक कसे झेलतो, हेही उत्साहाचेच अंग होय. आणि आमच्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे. त्याकडे पुढे वळू.

मुले ही लक्षणे किती लवकर वाचतात, हे प्रौढांवरील एका प्रयोगावरून ताडता येते. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठातील १३ अध्यापकांच्या अध्यापनाचे प्रत्येकी दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज पूर्णपणे बंद करून, अनोळखी व्यक्तींना दाखविण्यात आले. त्या व्यक्तींनी केवळ पाहून केलेले मूल्यमापन आणि त्या अध्यापकांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण सत्राच्या अखेरीस केलेले मूल्यमापन यांत लक्षणीय मेळ आढळला. सारे मिळून अर्धा मिनिट, तोही मुका! जे मूल त्याच शिक्षकासमोर वर्षाचे दोनशेहून अधिक दिवस बसते, त्यास आपल्या गुरुजींना आज हा धडा नकोसा आहे, हे समजण्यास किती वेळ लागेल? शिक्षक वर्गात शिरतात, हजेरीपट टेबलावर ठेवतात आणि ‘कुठे होतो आपण?’ असे विचारतात, त्या स्वरातच बहुधा तासाचा निकाल लागलेला असतो.

हा परिणाम कशाने होतो, याची दोन कारणे मानसशास्त्र देते. पहिले अनुकरणाचे. समोरच्या माणसाचा चेहरा, स्वर आणि अंगस्थिती यांचे आपण नकळत सूक्ष्म अनुकरण करतो आणि त्या अनुकरणाबरोबर त्याची मनःस्थितीही काही अंशी आपल्यात उतरते. जांभई पसरते, तशीच उमेदही पसरते. जर्मनीतील ॲन फ्रेंझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवी-आठवीच्या गणिताच्या वर्गांचा अभ्यास करून २००९ साली दाखवून दिले, की ज्या शिक्षकांस गणित शिकविण्यात आनंद वाटतो त्यांच्या विद्यार्थ्यांचा गणितातील आनंदही वाढतो, आणि या दोहोंमधील दुवा म्हणजे विद्यार्थ्यांस दिसणारा शिक्षकाचा उत्साह. शिक्षकाचा आनंद मनातल्या मनात राहिला तर साखळी तेथेच तुटते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. कोणती गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे, हे लहान मुलास स्वतःहून ठाऊक नसते. ते थोरांकडे पाहून ठरविते. आई ज्या दिशेला पाहते तिकडे तान्हे मूल पाहते. पुढे शाळेत तीच जागा शिक्षकाची दृष्टी घेते. एक उदाहरण घेऊ. परिसर अभ्यासाच्या तासाला खाजन शेतीचा विषय निघाला आहे असे समजा. एक शिक्षक सांगतात, ‘समुद्राच्या भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात व त्यात मानस बसवितात. लिहून घ्या.’ माहिती बिनचूक आहे. मुले लिहून घेतात. दुसरे शिक्षक तेच वाक्य सांगून क्षणभर थांबतात, खडू खाली ठेवतात आणि विचारतात, ‘भरती तर रात्री दोन वाजतासुद्धा येते. मग मानशीचे दार त्या वेळी लावते कोण?’ हा प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जर खरोखरीचे कुतूहल असेल, तर वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. कुणी म्हणतो राखणदार लावतो. कुणी म्हणते माझे आजोबा लावायचे. शिक्षक दोन पुठ्ठे आणि एक दोरा घेऊन एका बाजूनेच उघडणारे झडपदार दार तयार करतात. आतले पाणी ओहोटीच्या वेळी ते बाहेर ढकलते, आणि भरती आली की बाहेरचेच पाणी ते घट्ट मिटविते. दार लावणारा समुद्रच! हे उमगताच शिक्षकांच्या तोंडावर जे समाधान उमटते, ते त्यांनी शंभर वेळा हा पाठ घेतला असला तरी खोटे असत नाही, कारण ते समाधान मानशीविषयीचे नसते. समोरच्या चाळीस डोळ्यांत आत्ता काय झाले, त्याविषयीचे असते. पहिल्या वर्गातील मुलांनाही मानस या शब्दाची व्याख्या येईल. घरी जाताना बांधावर थांबून दाराकडे पाहणारी मुले मात्र दुसऱ्या वर्गातलीच असतील.

येथे एक साधार शंका उपस्थित होते. मुलांना तास आवडला म्हणजे त्यांना विषय समजला, असे कसे म्हणावे? ही शंका शिक्षणशास्त्रात फार गाजलेली आहे, आणि तिच्यामागील प्रयोग मोठा मनोरंजक आहे. १९७० साली अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण व मानसोपचार या क्षेत्रांतील जाणत्या मंडळींसमोर ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने एका गृहस्थांचे व्याख्यान ठेवण्यात आले. विषय होता वैद्यकीय शिक्षणात गणिती खेळ-सिद्धांताचा उपयोग. हे गृहस्थ प्रत्यक्षात नट होते. विषयाचे त्यांस काहीही ज्ञान नव्हते. परस्परविरोधी विधाने, असंबद्ध उदाहरणे व नवे-नवे निरर्थक शब्द यांनी भरलेले ते व्याख्यान त्यांनी अत्यंत रुबाबात, विनोदाची पेरणी करीत दिले, आणि प्रश्नांची उत्तरेही त्याच थाटात दिली. डोनाल्ड नाफ्टुलिन, जॉन वेअर व फ्रँक डॉनेली या संशोधकांनी हे सर्व घडवून आणले होते. प्रत्यक्ष ऐकणारा एक गट आणि नंतर चित्रफीत पाहणारे दोन गट मिळून ५५ श्रोत्यांचे अभिप्राय घेण्यात आले, तेव्हा बहुतांश अभिप्राय अनुकूल निघाले. हा वृत्तान्त १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि ‘डॉ. फॉक्स परिणाम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. उत्साह हा एक प्रकारचा भूलभुलैया आहे, असा निष्कर्ष अनेकांनी त्यावरून काढला. आपल्याकडेही आवेशपूर्ण भाषण ऐकून भारावून घरी आल्यावर वक्ते नेमके काय बोलले ते आठवेना, असा अनुभव ज्यास नाही असा मनुष्य विरळाच.

परंतु या प्रयोगात एक उणीव होती. श्रोते काय शिकले, हे तपासले गेले नव्हते. तपासण्याजोगे त्यात काही नव्हतेच. पुढे वेअर व विल्यम्स यांनी आशय कमी-अधिक आणि आविर्भाव कमी-अधिक अशा निरनिराळ्या चित्रफिती तयार करून विद्यार्थ्यांची परीक्षाही घेतली. त्या माहितीचे हर्बर्ट मार्श आणि वेअर यांनी १९८२ साली नव्याने विश्लेषण केले. त्यातून निघालेला निष्कर्ष आम्हांस प्राथमिक शाळांच्या दृष्टीने अतिशय मोलाचा वाटतो, आणि तो मूळ प्रयोगाइतका प्रसिद्ध पावला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ज्या विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळविल्यास लाभ होईल असे आधीच सांगितले होते, त्यांच्या बाबतीत व्याख्यात्याच्या आविर्भावाचा प्रभाव मर्यादित राहिला आणि आशयाला त्याचे योग्य स्थान मिळाले. ज्यांना असा कोणताच बाह्य लाभ नव्हता, त्यांच्या परीक्षेतील यशावर मात्र आशयाच्या प्रमाणापेक्षा व्याख्यात्याच्या चैतन्याचा परिणाम अधिक झाला.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. ज्यास शिकण्याचे स्वतःचे कारण आहे, तो निरुत्साही शिक्षकाकडूनही शिकतो. शालान्त परीक्षेस बसणारा मुलगा नीरस व्याख्यानातूनही कामापुरते टिपून घेतो. आठ वर्षांच्या मुलापुढे यांपैकी काय आहे? त्याच्यापुढे पदवी नाही, नोकरी नाही. ज्याच्या घरी पाटीपुस्तकाचे वळण आहे त्यास घरातून थोडेफार कारण मिळते. ज्या घरातून शाळेत येणारे ते पहिलेच मूल आहे, त्यास भागाकार शिकण्याचे कारण एकच, आणि ते म्हणजे फळ्यापाशी उभे असलेले आपले गुरुजी अथवा बाई. त्या कारणात चैतन्य नसेल तर त्या मुलाच्या वाट्याला दुसरे काही उरत नाही. म्हणून निरुत्साही अध्यापनाचा फटका सर्व मुलांना सारखा बसत नाही; ज्यांस शाळेवाचून आधार नाही त्यांसच तो सर्वांत अधिक बसतो.

उत्साहाने गुण वाढतातच, असा दावा मात्र करू नये. १९८३ साली बेटनकोर्ट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शिक्षकांस उत्साहदर्शक वर्तनाचे प्रशिक्षण दिले, तेव्हा मुलांचे पाठाकडील लक्ष स्पष्टपणे वाढले. गुणांत तसा निश्चित फरक दिसून आला नाही. यात आश्चर्य नाही. लक्ष हे दार आहे. दार उघडल्यावर आत काय नेऊन ठेवायचे, हे पाठाच्या आशयावर, मांडणीच्या स्पष्टतेवर आणि सरावावर अवलंबून राहते. बराक रोझेनशाइन व नॉर्मा फर्स्ट यांनी १९७१ साली परिणामकारक अध्यापनाच्या गुणांचा आढावा घेतला, तेव्हा उत्साहाची गणना त्यांनी केली खरी, परंतु त्याआधी स्पष्टता आणि विविधता यांची केली.

विषयाविषयीची भीतीदेखील अशीच दिसते आणि पसरते. सियान बायलॉक व सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेतील पहिली व दुसरीच्या १७ शिक्षिकांच्या वर्गांचा वर्षभर अभ्यास केला. ज्या शिक्षिकांना स्वतःस गणिताचे भय अधिक वाटत होते, त्यांच्या वर्गातील मुलींची गणितातील प्रगती वर्षअखेरीस कमी आढळली, आणि गणित हे मुलग्यांचे काम अशी समजूत त्या मुलींत अधिक दिसली. मुलग्यांवर तसा परिणाम झाला नाही. वर्षाच्या आरंभी हा भेद नव्हता. कोणीही वर्गात उभे राहून ‘मुलींना गणित येत नाही’ असे म्हटले नसेल. ते म्हणावे लागत नाही. गणिताचा तास आला की स्वर कोरडा होणे, पुस्तकातील उदाहरण तसेच्या तसे फळ्यावर उतरविणे, वेगळ्या रीतीने सोडविलेले गणित पाहून गडबडणे, एवढे पुरेसे असते. आपल्या प्राथमिक शाळांत शिक्षिकांची संख्या मोठी आहे. त्यांतील ज्या भगिनींना गणिताविषयी मनातून धास्ती वाटते, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने प्रथम ती घालविणे हे वर्गातील मुलींचे मोठे हित करण्यासारखे आहे.

आता उत्साहाच्या काही विकृतींविषयी. पहिली विकृती घाईची. उत्साही शिक्षकाचा प्रश्न संपतो न संपतो तोच तो उत्तराची अपेक्षा करतो, आणि ते न आल्यास स्वतःच देऊन टाकतो. मेरी बड रो यांनी १९७४ साली दाखवून दिले, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सर्वसाधारणपणे एखादा सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला असता मुलांची उत्तरे लांब होतात, ‘येत नाही’ असे म्हणणे कमी होते आणि मागे पडलेली मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ही क्षुल्लक गोष्ट वाटते. फळ्यापाशी उभे राहून ते मोजून पाहावेत म्हणजे किती दीर्घ वाटतात ते कळेल. उत्तराची वाट पाहतानाची शांतता, डोळे मुलाकडे लावलेली, ही उत्साहाची फार उच्च प्रत होय.

दुसरी विकृती कौतुकाची. प्रत्येक उत्तराला ‘शाबास’ म्हणणारा शिक्षक थोड्याच दिवसांत त्या शब्दाचे मोल घालवून बसतो. चुकीच्या उत्तराकडे ‘हे तुला असे का वाटले?’ असे खऱ्या औत्सुक्याने विचारणे हे दहा शाबासक्यांहून अधिक उत्साहवर्धक असते, कारण त्यातून मुलास कळते की आपला विचार गुरुजींना ऐकावासा वाटतो. कॉलिन्स यांच्या यादीतील सातवे लक्षण ते हेच.

तिसरी विकृती देखाव्याची, आणि तपासणीच्या दिवशी ती विशेष फुलून येते. एरवी कपाटात असलेले नकाशे त्या दिवशी भिंतीवर येतात आणि एरवी खुर्चीत असलेले शिक्षक वर्गभर फिरू लागतात. पाहुण्यांना ते कदाचित उमगत नसेल. मुलांना तत्काळ उमगते. आणलेल्या आवेशाने शिक्षकही लवकर थकतात. जो भाव मनात नाही तो रोज पाच-सहा तास मुखावर धरून ठेवणे हे कष्टाचेच काम आहे.

यावर, मग स्वभावतः शांत असलेल्या शिक्षकांनी काय करावे, असे कोणी विचारील. त्यांनी शांतच राहावे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा श्रेष्ठत्वाविषयी वाद आहे, आणि तेथे पंडिता कौशिकी असा निर्वाळा देते की कोणाची विद्या स्वतःपुरती उत्तम असते, कोणाची ती दुसऱ्यात संक्रांत करण्याची हातोटी विशेष असते, आणि ज्याच्या ठायी दोन्ही आहेत तो शिक्षकांत अग्रगण्य. आधुनिक संशोधनही याच वाटेने गेले आहे. मारेइके कुंटर व सहकाऱ्यांनी जर्मनीतील गणित-शिक्षकांच्या अभ्यासात २००८ साली विषयाचा उत्साह आणि शिकविण्याचा उत्साह असे दोन भाग केले, तेव्हा अध्यापनाच्या गुणवत्तेशी दुसऱ्याचाच संबंध जुळताना दिसला. मुलास समजते आहे की नाही यात ज्याचा जीव गुंतलेला आहे, त्याचा आवाज चढला नाही तरी त्याची दृष्टी बोलते.

शिक्षकाच्या उत्साहाची चर्चा बहुधा शिक्षकाच्याच माथी जबाबदारी ठेवून संपते, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. फ्रेंझेल यांच्याच २०१८ सालच्या अभ्यासात हा प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो असे दिसून आले: शिक्षकाच्या आनंदाने विद्यार्थी आनंदतात, आणि विद्यार्थ्यांचा प्रतिसाद पाहून शिक्षकाचा आनंद टिकतो. एकशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला पाढे देऊन पहिली-दुसरीला अक्षरे गिरवावयास लावणाऱ्या शिक्षकास हा प्रतिसाद तुकड्या-तुकड्यांनीच मिळतो. त्यात माहितीचे तक्ते, मध्यान्ह भोजनाचा हिशेब आणि मोबाईलवर तातडीने मागविलेले अहवाल यांची भर पडली की पाठाच्या ऐन मध्यावर त्याचे लक्ष तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकांची कामे वगळता अन्य शिक्षणबाह्य कामांस शिक्षकांना लावण्यास मनाई केली आहे. शाळेच्या आतील कारकुनी मात्र या कलमाच्या कक्षेत येत नाही, आणि खरी झीज तेथेच होते. मुख्याध्यापकांनी व पर्यवेक्षण अधिकाऱ्यांनी निदान सकाळचे पहिले दोन तास कोणतीही माहिती मागवू नये, तासाच्या मध्ये शिक्षकास कार्यालयात बोलावू नये आणि संकुलातील शिक्षकांच्या बैठकीत परिपत्रकांच्या वाचनास अर्धा तास दिल्यास एका चांगल्या जमलेल्या पाठाच्या कथनासही तेवढाच द्यावा. यास पैसा लागत नाही.

वर्गपाहणीची पद्धतही थोडी बदलता येईल. पाहणाऱ्याने पंधरा मिनिटे शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. किती डोळे फळ्याकडे आहेत, किती खिडकीकडे. प्रश्न विचारल्यावर कोणत्या बाकावरील हात कधीच वर होत नाहीत. कोणत्या क्षणी सर्व वर्ग एकदम हलला आणि त्याआधी शिक्षकांनी काय केले होते, एवढेच टिपावे आणि ते टिपण शेरा न मारता शिक्षकांच्या हाती द्यावे. जेथे दुसरा सहकारी नाही अशा शाळेतील शिक्षकाने आपल्याच एका तासाचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून सायंकाळी एकट्याने ऐकावा. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज परका वाटतो आणि ऐकणे नकोसे होते. दुसऱ्यांदा ऐकताना प्रश्नानंतरचे सेकंद मोजावेत, आणि मुलांची उत्तरे आपण कोठे-कोठे अर्ध्यावर तोडली, तेथे पेन्सिलीने खूण करावी.